आधी हसायचं बंद करा

कोल्हापुरात इंग्रजी बोलणाऱ्यांपेक्षा इंग्रजी बोलायला शिकवणारे जास्त झालेत. क्लासवाल्यांना हे वाक्य झोंबेल; झोंबावं म्हणूनच लिहिलंय. राजारामपुरीतून एक चक्कर मारून या. खाली औषधाचं दुकान, शेजारी मोबाइलवाला, आणि दोघांच्या मधल्या अंधाऱ्या जिन्याच्या तोंडाशी फ्लेक्स. फ्लेक्सवर कोट घातलेले सर हाताची घडी घालून उभे, पाठीमागं लंडनचा घड्याळाचा मनोरा आणि खाली लाल अक्षरांत ‘३० दिवसांत फाडफाड इंग्रजी’. सर लंडनला गेलेले नसतात. त्याबद्दल माझी तक्रार नाही. इंग्रजी यायला लंडन बघावंच लागतं असा काही नियम नाही. माझी तक्रार त्या तीस दिवसांबद्दल आहे.

महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीला इंग्रजी आहे. रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना तो निर्णय झाला. त्याआधी मराठी शाळेतलं पोर पाचवीत गेल्यावर एबीसीडी गिरवायचं. २००० च्या जूनमध्ये पहिलीत बसलेलं पोर आता तिशी ओलांडून गेलंय. बारावीपर्यंत बारा वर्षं इंग्रजी, पुढं पदवीलाही इंग्रजी. आणि एवढं सगळं करून हा बाप्या संध्याकाळी सहाच्या बॅचला जिना चढून ‘धिस इज अ पेन’पासून पुन्हा सुरुवात करतो. बारा वर्षांत जे झालं नाही ते तीस दिवसांत करून देणारा माणूस भेटला म्हणून आपण खूश होऊन त्याला पैसे मोजतो. त्या बारा वर्षांचा हिशेब मात्र कुणालाच विचारत नाही. २०२५ मध्ये पहिलीपासून हिंदी आणायची भाषा झाली तेव्हा अख्खा महाराष्ट्र खवळला आणि २९ जूनला सरकारला दोन्ही शासन निर्णय मागं घ्यावे लागले. बरंच झालं. पण त्या सगळ्या गदारोळात, पंचवीस वर्षांपूर्वी पहिलीत आणून बसवलेल्या इंग्रजीचं पुढं काय झालं, एवढा साधा प्रश्न माझ्या तरी कानावर आला नाही.

मी इंग्रजीच्या विरोधात नाही, हे आत्ताच सांगून टाकतो. नाहीतर मराठीच्या नावानं गळा काढणारे मला उचलून आपल्या ट्रॅक्टरवर बसवतील आणि मिरवणूक काढतील. मी आयुष्यभर याच जिल्ह्यात अकरावी-बारावीला इंग्रजी शिकवलं. त्या भाषेनं माझं घर चालवलं. म्हणूनच तिच्या नावावर चाललेला बाजार बघवत नाही.

शाळा-कॉलेजात इंग्रजी बोलायला शिकवत नाहीत असं कोण म्हणतं? कागदावर शिकवतात की. बोर्डाच्या इंग्रजीच्या पेपराला ८० गुण लेखी आणि २० गुण तोंडी. हे वीस गुण कसे पडतात हे महाराष्ट्रातल्या प्रत्येक मास्तराला, पालकाला आणि पोराला ठाऊक आहे. या तोंडी परीक्षेत तोंड उघडावं लागत नाही. एका कॉलेजात मी तोंडी खरोखरच घ्यायला बसलो. पाठ केलेलं काही नको म्हटलं, फक्त सांग, आज तू कॉलेजला कसा आलास? एकामागून एक पोरं येत होती, छताकडं बघत होती, जात होती. एक जण मात्र घाम पुसत म्हणाला, “बाय यष्टी सर. यष्टी लेट. देन वडाप.” मी त्याला वीसपैकी वीस दिले. वाहन सांगितलं, अडचण सांगितली, उपाय सांगितला. संभाषण म्हणजे आणखी काय असतं? गप्प राहिलेल्यांना त्यांच्या गप्पपणाचे गुण दिले. दुपारी बोलावणं आलं. “सर, कॉलेजचा निकाल तुम्ही पाडणार काय?” पुढच्या वर्षी तोंडीचं काम दुसऱ्या एका गृहस्थांकडं गेलं. त्यांनी जेवणाच्या सुट्टीच्या आत दोन तुकड्या संपवल्या.

२०१९ ला तर सरकारनंच या वीस गुणांचं पितळ उघडं पाडलं, अर्थात नकळत. त्या वर्षी दहावीच्या भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे अंतर्गत गुण काढून टाकले होते. आदल्या वर्षी राज्याचा निकाल ८९.४१ टक्के होता तो थेट ७७.१० वर आला. अभ्यासक्रम नवा होता, कृतिपत्रिका नवी होती, हेही खरं आहे. पण ओरड कशावर झाली? गुण परत द्या यावर झाली. गुण परत आले आणि २०२० ला निकाल ९५.३० टक्के. (त्या वर्षी भूगोलाचा पेपर कोरोनानं खाल्ला, तो हिशेब वेगळा.) एवढी बारा टक्क्यांची घसरगुंडी झाली तेव्हा एखाद्या शहाण्या समाजानं विचारलं असतं की आमची पोरं तीन भाषांत मुकी निघाली काय? आपण विचारलं, आमचे वीस मार्क कुठं गेले? शिक्षणाची पाहणी करणाऱ्या ‘असर’च्या २०२३ च्या अहवालात देशभरातल्या २८ जिल्ह्यांतल्या ग्रामीण भागातली १४ ते १८ वयाची मुलं तपासली, त्यातल्या ५७.३ टक्क्यांना इंग्रजी वाक्यं वाचता आली. वाचता आली, एवढंच. बोलता किती जणांना येतं हे मोजायच्या भानगडीत कुणी पडत नाही, कारण मोजलं की कुणाची तरी वेतनवाढ अडचणीत येईल.

तर अशी बारा वर्षं तोंड मिटून काढलेली पोरं क्लासच्या जिन्यापाशी येतात. मी अशा एका क्लासच्या ‘डेमो’ला शेजाऱ्याच्या पोरीसोबत पालक म्हणून जाऊन बसलो. खोलीत चाळीसेक जण. कागल, पन्हाळा, करवीरच्या खेड्यांतून आलेली डिप्लोमाची पोरं, दवाखान्यात काम करणारा एक कंपाउंडर, नवीन लग्न झालेली एक मुलगी, स्पर्धा परीक्षेतून दमून बाहेर पडलेले दोघे-तिघे. सर पाऊण तास बोलले. बहुतेक मराठीत. यश म्हणजे काय, आत्मविश्वास म्हणजे काय, ‘थिंक इन इंग्लिश’. मग फळ्यावर बारा काळांचा तक्ता. मग ‘सेल्फ इंट्रोडक्शन’. एकेकानं उभं राहून म्हणायचं: मायसेल्फ अमुक अमुक, आय ॲम फ्रॉम भुदरगड, माय हॉबी इज लिसनिंग म्युझिक, माय स्ट्रेंग्थ इज हार्डवर्क, माय वीकनेस इज आय ट्रस्ट पीपल इझिली. दुसरा उठला, तोही लोकांवर पटकन विश्वास ठेवतो. तिसरी उठली, तीही. चाळीस माणसं आणि चाळीसांचा स्वभावदोष एकच. क्लासची फी बघता तो दोष खरा असावा.

घोकंपट्टीला शिव्या द्यायची हल्ली रीत आहे. मी देणार नाही. गोपाळ कृष्ण गोखले कागलला शिकले, कोल्हापुरात शिकले, काही काळ इथल्या राजाराम कॉलेजात होते. त्यांचं इंग्रजी पाठांतर प्रसिद्ध होतं. पानंच्या पानं मुखोद्गत. पण त्यांनी पाठ काय केलं? त्या भाषेतल्या उत्तम गद्याची पानं. पुढं व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात अर्थसंकल्पावर बोलायला उभे राहिले तेव्हा साहेबाच्या तोंडावर आकडे फेकायला ती वाक्यं कामाला आली. आमची पोरं पाठ करतात ती स्वतःच्या स्वभावाची खोटी जाहिरात. ती ऐकून पुण्यातल्या कंपनीतला मुलाखत घेणारा मनातल्या मनात जांभई देतो आणि कागदावर लिहितो, ‘कम्युनिकेशन कमी पडतं’.

आता गणित. तास साठ मिनिटांचा. पोरं चाळीस. सर एक शब्दही न बोलता हाताची घडी घालून बसले, अगदी फ्लेक्सवरच्यासारखे, तरी प्रत्येकाच्या वाट्याला दीड मिनिट येतं. महिन्यातले सव्वीस दिवस क्लास भरला तर एकूण एकोणचाळीस मिनिटं. आणि सर गप्प बसत नाहीत हे आपण वर पाहिलंच. म्हणजे महिनाभराची फी भरून पोराच्या तोंडून जेमतेम दहा-पंधरा मिनिटांचं इंग्रजी बाहेर पडतं, त्यातलंही निम्मं ‘मायसेल्फ’. बोलायला शिकवण्याच्या धंद्यात गिऱ्हाइकाला बोलू न देता पैसे घेता येतात, हा शोध लावणाऱ्याला मी मानतो.

पूर्वी हा धंदा पुस्तकांचा होता, तो यापेक्षा प्रामाणिक होता. तर्खडकरांची भाषांतर पाठमाला घेऊन पिढ्यानपिढ्या कंदिलाखाली बसल्या. ती गॅरंटी देत नव्हती. मराठीतून इंग्रजी कर, इंग्रजीतून मराठी कर, एवढंच म्हणायची आणि मान मोडेपर्यंत काम करून घ्यायची. नंतर रॅपिडेक्स आलं, कपिल देवच्या फोटोसकट. त्या जाहिरातीला नावं ठेवणारे तेव्हाही होते. पण माणूस बरोबर निवडला होता. इंग्रजी शाळेतून घासून-पुसून न आलेला एक गडी, जगभरच्या पत्रकारांपुढं बसून आपल्याला येईल तशा इंग्रजीत बिनधास्त बोलायचा. या दुकानात विकण्यासारखी खरी वस्तू तेवढीच होती, आणि नेमकी ती पुस्तकात छापता येत नव्हती.

भाषा बोलायला शिकणं ही कोल्हापूरकराला न जमणारी गोष्ट आहे असं कुणाला वाटत असेल तर त्यानं गडहिंग्लजचा बाजार करावा. भाजीवाली मावशी एका गिऱ्हाइकाशी मराठीत भाव करते, त्याचं आटपायच्या आत संकेश्वरकडून आलेल्या दुसऱ्याशी कन्नडमध्ये वाद घालते. ‘मावशी, कन्नड कुठं शिकला?’ असं विचारून बघा. ती तुमच्याकडं खुळ्याकडं बघावं तशी बघेल. शेजारच्या सांगली जिल्ह्यातली खानापूर-आटपाडीकडची माणसं सोन्या-चांदीच्या गलाईच्या धंद्यापायी केरळात, तमिळनाडूत जाऊन स्थिरावली. शाळा अर्धी सोडलेला माणूस मल्याळममध्ये घासाघीस करतो, तमिळमध्ये भांडतो, आणि गावाकडं जत्रेला आला की अस्सल माणदेशी बोलतो. हुपरीचे चांदीवाले दागिन्यांच्या पेट्या घेऊन देशभर हिंडतात; त्यांना कुठल्या काळातलं कुठलं क्रियापद हे कुणी विचारत नाही, पैंजणाचा भाव विचारतात.

आणि वळिवडे. १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरच्या उंबऱ्यावर, वळिवड्याच्या छावणीत, युद्धानं देशोधडीला लागलेली सुमारे पाच हजार पोलिश माणसं राहिली, बहुतेक बायका आणि मुलं. त्यांना मराठी येत नव्हतं, आपल्या माणसांना पोलिश ठाऊक असायचं कारण नव्हतं, आणि इंग्रजीचा दोन्हीकडं खडखडाट. तरी पाच वर्षं भाजी विकली गेली, कापड विकलं गेलं, उधारी मांडली गेली, वसूलही झाली. छावणीत माल विकणारे आपले दुकानदार पोलिश बोलायला लागले. पोलिश! व्याकरणाच्या गुंतागुंतीसाठी बदनाम असलेली भाषा. महावीर उद्यानात त्या पोलिश माणसांच्या आठवणीचा स्तंभ आहे. समोर गिऱ्हाईक, हातात माल आणि पोटात गरज असली की भाषा येते हे ज्यांनी दाखवून दिलं, त्या दुकानदारांचा स्तंभ मात्र कुठं नाही.

हे जुनं झालं म्हणाल तर उद्यमनगरात चला. तिथला टर्नर दिवसभर जॉब, ड्रॉइंग, टॉलरन्स, रिजेक्शन, डिस्पॅच याच शब्दांत जगतो. गोकुळ शिरगावच्या एका फौंड्रीत मी एक दृश्य पाहिलं. जर्मनीहून गिऱ्हाईक आलेलं. फर्स्ट क्लास मिळवलेला इंजिनिअर ऐनवेळी केबिनमध्ये फायली शोधायला लागला. शेवटी भट्टीपासून वर चढत आलेला सुपरवायझर पुढं झाला. “धिस कास्टिंग गुड. दॅट वन ब्लोहोल. नो गुड. वुई नॉट सेंड.” जर्मन साहेब मान डोलावत होता. त्याचं स्वतःचं इंग्रजीही खाऊन-पिऊन सुखी होतं, म्हणजे इंग्लंडात ऐकवण्याजोगं नव्हतं. दोघांचं उत्तम जमलं. केबिनमधला इंजिनिअर बारा काळांचा तक्ता झोपेत म्हणून दाखवील. त्याला भीती होती, एक काळ चुकेल. सुपरवायझरला काळच माहीत नव्हते, त्यामुळं चुकायची भीती नव्हती.

ही भीती कुठून आली? इथं मी क्लासवाल्यांना सोडतो आणि तुमच्या-माझ्याकडं वळतो.

पेठेतल्या पोरानं कट्ट्यावर बसून एक वाक्य इंग्रजीत बोलून बघावं. “आला बघा इंग्लंडचा जावई.” “लई शायनिंग मारतंय बेनं.” “इंग्रज गेले आन् ह्येला इसरून गेले.” हसून हसून लोळतील. दुसऱ्या दिवशी ते पोर काही बोलत नाही. तिसऱ्या दिवशी तेही दुसऱ्या कुणाला तरी हसायला लागतं. ही झाली पेठेची तऱ्हा. ताराबाई पार्कात वेगळी. तिथं कॉन्व्हेंटमधून आलेली मंडळी असतात. त्यांना कुणी इंग्रजी बोललं याचं हसू येत नाही, कसं बोललं याचं येतं. कुणी ‘स्कूल’ला ‘इस्कूल’ म्हणालं, कुणी ‘मेझर’ला ‘मेजर’ म्हणालं की एकमेकांकडं बघून ओठ दुमडतात. गरीब बिचारं पोर मधल्या मधे चेंगरतं. चुकलं तर हे हसणार, बरोबर आलं तर ते हसणार.

घरातही तेच. सून दोन वाक्यं इंग्रजीत बोलायला लागली की सासूच्या आधी दिराचं पोट दुखतं. बापानं हौसेनं ‘गुड मॉर्निंग बेटा’ म्हटलं तर इंग्रजी शाळेतली कार्टी त्याच्या उच्चारांची नक्कल करून पाहुण्यांना दाखवते आणि पाहुणे टाळ्या देतात. त्या शाळेची फी भरायला बापानं दुसरं कर्ज काढलेलं असतं. एखादा पुढारी दिल्लीत अडखळत इंग्रजी बोलला की त्याची चित्रफीत मोबाइलवर गावभर फिरते. त्या पुढाऱ्यानं तालुक्याचं पाणी पळवलं, त्यावर एवढी हसली नसतील माणसं.

याच गावात गंगावेशीची तालीम आहे. तिथं रोज पहाटे पोरं एकमेकांना उचलून आपटतात. चितपट झालेल्या पोराला तालमीत कुणी हसत नाही. वस्ताद त्याच्या पाठीवर थाप मारतो आणि पुन्हा जोड लावतो. पडल्याशिवाय पैलवान होत नाही हे कोल्हापूरच्या शेंबड्या पोरालाही कळतं. मग तेच पोर इंग्रजीत पडलं तर आपली बत्तिशी का निघते? मला वाटतं, कुस्तीत हरण्यानं इज्जत जात नाही आणि इंग्रजीत चुकण्यानं जाते, असं आपण मनाशी ठरवून टाकलंय. इंग्रजी ही आपल्या लेखी हत्यार राहिलेली नाही, ती जातीच्या दाखल्यासारखी झाली आहे. कोण वरचा, कोण खालचा, हे एका वाक्यात ठरवायचं साधन. शंभर वर्षांपूर्वी ज्या गावानं पंक्तिभेद मोडले, त्या गावात हा नवा पंक्तिभेद आपण कौतुकानं वाढून घेतलाय.

आणि क्लास चालतो तो याच्यावर. सरांकडं भाषा फारशी नसते, मुलांना बोलायला वेळ नसतो, तरीही बॅच भरते. का? कारण अख्ख्या कोल्हापुरात चुकीचं इंग्रजी बोललं तरी कुणी दात काढणार नाही अशी ती एकच खोली आहे. सर त्या खोलीचं भाडं घेतात. नवीन लग्न झालेल्या त्या मुलीनं डेमोच्या दिवशी दोनच वाक्यं म्हटली, तीही पाठ केलेली, पण खाली बसताना तिचा चेहरा उजळला होता. तिच्यासाठी पैसे वसूल झाले होते. ती खोली आपण घरात, कट्ट्यावर, स्टाफरूममध्ये फुकट देऊ शकत होतो. दिली नाही म्हणून तिची किंमत झाली.

कुणी म्हणेल, इंग्रजी शिकून माणूस आपल्या मातीतून तुटतो, म्हणून आम्ही हसतो. हे थोतांड आहे. राजाराम कॉलेज १८८० मध्ये ज्यांच्या नावानं उभं राहिलं, ते राजाराम महाराज १८७० मध्ये युरोपला गेले, तेव्हा जेमतेम वीस वर्षांचे होते. प्रवासभर ते इंग्रजीत रोजनिशी लिहीत होते. परतताना ३० नोव्हेंबर १८७० ला फ्लॉरेन्समध्ये त्यांचा मृत्यू झाला. सोबत गेलेल्या कॅप्टन वेस्टनं ती रोजनिशी संपादित करून छापली, १८७२ मध्ये लंडनला. वीस वर्षांचा पोरगा, परका मुलूख, परकी भाषा, आणि तरी रोज रात्री दिवसभरात काय पाहिलं, कोण भेटलं ते त्याच भाषेत मांडायचं. गुण द्यायला कुणी नाही. कोल्हापुरातल्या कुठल्याही क्लासच्या अभ्यासक्रमापेक्षा हा अभ्यासक्रम भारी आहे, आणि त्याला एक वही लागते. शाहू महाराज राजकोटला शिकले, धारवाडला फ्रेजरसाहेबाच्या हाताखाली शिकले. १९०२ मध्ये केंब्रिजनं त्यांना एलएलडी दिली. साहेबाशी साहेबाच्या भाषेत बोलून झालं की हा राजा माहुताशी आणि पैलवानाशी रांगड्या मराठीतच बोलायचा. १९१७ मध्ये सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण आणलं ते यांनीच. तुटला काय हा माणूस मातीतून?

इंग्रजी लागतं, आणि पुढं जास्त लागणार आहे. २०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडानं आपल्या कोल्हापुरीसारखी चप्पल मिरवली, आपलं नाव न घेता. इकडून ओरड झाली, महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सनं पत्र लिहिलं, कंपनीनं मूळ कुठलं ते मान्य केलं आणि जुलैत त्यांची माणसं कोल्हापुरात कारागिरांना भेटायला आली. २०१९ मध्येच या चपलेला भौगोलिक मानांकन मिळालेलं होतं. कातडं कमावण्यापासून वेणी घालण्यापर्यंत सगळं ज्ञान आपल्या सुभाषनगरातल्या माणसाच्या बोटांत आहे. पण भाव ठरतो तो बोटांवर नाही, बोलण्यावर. त्या टेबलावर दुभाषा कुणाच्या बाजूचा बसणार? चप्पल शिवणाऱ्याच्या पोराला इंग्रजी हवं ते आपला स्वभावदोष सांगायला नको. हे कातडं एवढ्याचं, ही मजुरी एवढी, याच्याखाली परवडत नाही, नाव आमचंच राहील, एवढं ठामपणे म्हणता यावं म्हणून हवं.

आणि नेमकं हेच कुठला क्लास शिकवत नाही. नाही कसं म्हणावं, तक्रार कशी करावी, उधारी कशी मागावी, आणि सगळ्यात उपयोगी वाक्य, ‘मला कळलं नाही, जरा सावकाश सांगा’. हे शेवटचं वाक्य ज्याला न लाजता म्हणता येतं त्याला निम्मं इंग्रजी आलं असं मी माझ्या वर्गात सांगायचो. अमेरिकन ॲक्सेंटच्या बॅचमध्ये ते नसतं, कारण त्यात समजलं नाही हे कबूल करावं लागतं, आणि सूट घातलेला माणूस असं कबूल करत नाही म्हणे.

या शहराला एक उपाय जवळ आहे, पैसे न लागणारा. १९०१ च्या व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंगपासून शाहू महाराजांनी इथं जातीजातीच्या पोरांसाठी वसतिगृहांची रांग उभी केली. आजही कितीतरी वसतिगृहांत खेड्यातली पोरं एकत्र राहतात, एका पंगतीला जेवतात. रात्रीच्या जेवणाचा अर्धा तास इंग्रजीत. विषय आमटी, उद्याचा पेपर, एसटीचा पास, कालची मॅच. दोघा-दोघांच्या जोड्या, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला पंधरा मिनिटं. क्लासमध्ये महिन्याला मिळतात तेवढी, एका रात्रीत. सरांची गरज नाही. एकच नियम: जो हसेल त्यानं सगळ्यांची ताटं घासायची. दोन आठवड्यांत हसणं थांबेल, भांडी घासायला कोल्हापूरचा गडी सहजासहजी तयार होत नाही.

आणि जूनमध्ये पोराला घेऊन राजारामपुरीचा जिना चढणार असाल, तर बाबांनो, पैसे भरायच्या आधी एक तास मागच्या बाकावर जाऊन बसा. मोबाइलचं घड्याळ लावा आणि आपलं पोर किती वेळ बोललं ते मोजा. सर किती बोलले तेही मोजा. दोन्ही आकडे सरांना दाखवा आणि मगच पाकीट काढा. आधीच भरले असतील तर परत मागा. मराठीत मागितले तरी चालेल. कोल्हापुरीत मागितले तर लवकर मिळतील.